अप्पांच्या बाजूची काच

काच घरीच दुरुस्त करायची, गाडी गॅरेजला न्यायची नाही, असं हेडक्लार्कांनी शनिवारी जेवताना जाहीर केलं. "एक स्विच तर आहे. त्यात गॅरेजवाला काय मोठा शोध लावणार?" असं ते म्हणाले. खरं कारण वेगळंच होतं. गॅरेजवाला विचारणार, "साहेब, नेमकं काय होतं?" आणि नेमकं काय होतं ते चारचौघांत सांगायची हेडक्लार्कांची छाती नव्हती.

होत होतं ते असं. गाडी चालवत असताना, कोणी हात न लावता, शेजारच्या रिकाम्या सीटकडची काच खाली यायची. धाडकन नाही. सावकाश, घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं आरामात खाली घ्यावी तशी. पूर्ण खाली येऊन थांबायची, आणि मग बाहेरचं गार धुकं आत शिरून त्या रिकाम्या सीटवर बसायचं. (हेडक्लार्कांनी एकदाच हिय्या करून तिकडे पाहिलं होतं. तेव्हापासून ते सरळ समोर बघूनच गाडी चालवत. वाहतुकीच्या दृष्टीनं तेही बरंच होतं म्हणा.)

गाडी सासऱ्यांची. सासरे, म्हणजे अप्पा, गेल्या वर्षी गेले. मागे गाडी राहिली आणि सासूबाई राहिल्या, आणि दोघी हेडक्लार्कांच्या घरी आल्या. सासूबाईंना सगळे माई म्हणत. खरं तर गाडी माईंचीच म्हणायला हवी, कारण चालवायच्या त्याच. अप्पांची नजर अधू झाल्यापासून ते शेजारी बसत. काच पूर्ण खाली, कोपर बाहेर, तोंडात लवंग. सबंध रस्ताभर ते एकच शब्द बोलत, "हळू." थंडी असो नाहीतर धूळ, काच वर गेली की त्यांचा जीव घाबराघुबरा व्हायचा. "खाली घे ती. गुदमरतंय मला."

अप्पा गेल्यापासून माईंनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. "शेजारून कोणी हळू म्हणणारं नाही, तर मी वेगानं जाऊ तरी कशाला?" एवढंच म्हणायच्या आणि पोर्चला लागून असलेल्या आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायच्या. जेवायला येत, दोन घास खात, परत जात. बायकोला आईची काळजी होती. हेडक्लार्कांना सासूबाईंची होतीच, वर गाडीचीही होती.

एकट्या काचेचं असतं तर त्यांनी निभावून नेलं असतं. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ते कामावरून परतले आणि जरा घाईतच गाडी फाटकातून आत घेतली. तोच रिकाम्या सीटच्या बाजूनं, दारातून, स्पष्ट आवाज आला.

"हळू."

आवाज अप्पांचा. तोच तो, घशात किंचित खरखर असलेला. हेडक्लार्कांनी गाडी इतकी हळू केली की ती जागच्या जागी बंद पडली. मग ते उतरले, डबा गाडीतच विसरले, आणि घरात जाऊन देवासारखे गप्प बसले. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. काचेचं मात्र सांगितलं.

"आज परत खाली आली," ते जेवताना म्हणाले.

"पूर्ण?" बायकोनं विचारलं.

"पूर्ण."

"हो ना, अप्पांना अर्धी चालायचीच नाही," बायको बोलून गेली, आणि आपण काय बोललो हे कळून तिचा हात ताटातच थांबला.

माई मात्र शांतपणे म्हणाल्या, "त्यांना गाडीतच बसायची सवय आहे. दुसरीकडे कुठे जातील?"

आहे! होती नव्हे, आहे. कनिष्ठांच्या मसुद्यांतले काळ दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली, त्या हेडक्लार्कांना हा वर्तमानकाळ फार झोंबला. पण सासूबाईंच्या वाक्याला लाल शाई लावायची कशी? तेव्हा त्यांनी ठरवलं की वाक्य राहू दे, काचच दुरुस्त करायची. काच वर गेली आणि वरच राहिली, की बाकीचंही आपोआप मिटेल.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "मागे बेल दुरुस्त केलीत. तेव्हापासून स्वयंपाकघरातला दिवा लावला की बेल वाजते."

"पण वाजते की नाही?"

यावर बायकोनं फक्त पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की असं पाहणं पुरतं.

रविवारी धुकं हललंच नाही. दुपार झाली तरी उजेड असा होता की आत्ताच उजाडतंय की मावळतंय ते कळू नये. झाडांवरून थेंब पडत होते. फाटकाबाहेरचा रस्ता दहा पावलांवर संपल्यासारखा दिसत होता. हेडक्लार्कांनी पोर्चमध्ये चादर अंथरली, पेट्या-डब्यांतून जमवलेली हत्यारं मांडली आणि गाडीच्या त्या दारापुढे गुडघे टेकले.

"काय साहेब, कुठली दाढ?" कुंपणाच्या भिंतीवरून आवाज आला. शेजारी दातांचे डॉक्टर राहत. रविवारी दवाखाना बंद असायचा आणि त्यांच्या हातांना चैन पडायचं नाही. ते कप घेऊन भिंतीशी उभे होते.

"काच आपोआप उघडते. स्विच बघतोय."

"मी असतो तर आधी एक्स-रे काढला असता," डॉक्टर म्हणाले.

हेडक्लार्कांनी तिकडे दुर्लक्ष केलं, स्क्रू काढले आणि दाराचं आतलं पॅनेल दोन्ही हातांनी ओढलं. फट्, फट्, फट्. (अशा वेळी क्लिपा निघतात की तुटतात हे आवाजावरून कळत नाही. नंतर चादरीवर पडलेले तुकडे पाहून कळतं.) पॅनेलच्या मागे काळ्या गोंदानं चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद होता. तो त्यांनी कोपऱ्यातून सोलला, आणि आतल्या अंधाऱ्या पोकळीतून गार हवेचा झोत तोंडावर आला.

हवेला लवंगेचा वास होता.

हेडक्लार्क मागे सरकले. मग, डॉक्टर बघतायत म्हणून, पुढे सरकले. पोकळीच्या तळाशी काहीतरी चमकलं. दोन बोटं घालून त्यांनी ते वर काढलं. काळा, चपटा, अप्पांच्या खिशातला कंगवा निघाला. काचेच्या फटीतून कधीतरी आत पडला असणार. त्यात एक लांबसा पांढरा केस अडकला होता, आणि वारा नसताना तो हलत होता.

"दात मात्र शाबूत राहिलेत," डॉक्टर म्हणाले, कप रिकामा झाला म्हणून आत गेले, आणि हेडक्लार्क एकटे उरले.

जेवणं झाली होती. बायको आडवी झाली होती. माई आपल्या खोलीत गेल्या होत्या. खोलीची खिडकी पोर्चकडेच होती, पण पडदा ओढलेला होता आणि आतून कसलाही आवाज येत नव्हता. हेडक्लार्कांनी कंगवा रुमालात गुंडाळून बाजूला ठेवला आणि मोटर चालते का ते पाहायला किल्ली फिरवली. गाडीतले बारीक दिवे लागले. रेडिओच्या जागी एक निळी खूण लुकलुकली आणि स्थिर झाली. तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

दारात एक गोल स्पीकर होता. बाकीचे तीन अप्पांच्या आधीच गेले होते, हा तेवढा शिल्लक होता. मध्ये मध्ये येतोय म्हणून हेडक्लार्कांनी तो सोडवला आणि वायरीला तसाच लोंबकळत ठेवला. नंतर काचेखालच्या पट्टीवर दोन बोल्ट दिसले. ते कशाचे ते कळेना, तेव्हा पुढेमागे लागतील म्हणून ढिले करून ठेवले. मग त्यांनी मोटरची वायर उपटली आणि सुस्कारा सोडला. आता वीजच नाही. आता ही काच कोणाच्या बापालाही खाली आणता येणार नाही.

हा शब्दप्रयोग मनात येऊन गेल्यावर त्यांना उगाचच कसंतरी झालं. बायकोचे वडील हेही कोणाचे तरी बापच होते.

आतलं काय काय ढिलं झालंय ते चाचपायला त्यांनी हात कोपरापर्यंत पोकळीत घातला. तेव्हा डोक्यावर, अगदी हळू, रबरावरून काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. त्यांनी वर पाहिलं.

काच खाली येत होती.

वायर त्यांच्या दुसऱ्या हातात होती. वायरीचं टोक त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं. आणि काच येत होती, सावकाश, आरामात. हेडक्लार्कांनी हात बाहेर ओढला. तो आला नाही. आतून कोणीतरी मनगट धरलं होतं. थंडगार आणि घट्ट. ओढावं तसं आणखी घट्ट.

त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात कानापासून वीतभर अंतरावर कोणीतरी खाकरलं.

"हॅलो," दार म्हणालं.

धुक्यात कुठेतरी एक थेंब पत्र्यावर पडला.

"हॅलो. ऐकू येतंय का?"

"ये... येतंय," हेडक्लार्क म्हणाले. वडीलधाऱ्यांनी विचारल्यावर उत्तर द्यायचं, हे वळण लहानपणापासूनचं.

"मग बोलत का नाहीस?"

"बोलतोय अप्पा."

दार जरा वेळ गप्प राहिलं. जणू ऐकून घेत होतं. मग म्हणालं, "मी गाडीतच बसलोय. इथेच. कुठे जाणार?"

हेडक्लार्कांनी मान हलवली. कुठे जाणार, हे त्यांना पूर्ण पटलं होतं.

"दाराशी एक माणूस आलाय," आवाज एकदम वाढला. "मघापासून खुडबूड करतोय. हात घालतोय आत."

"अप्पा, मी आहे! जावई!"

"मी त्याला आज सोडणार नाही," दार गरजलं. आता ते इतक्या मोठ्यानं बोलत होतं की स्पीकर वायरीवर थरथरत होता.

"अप्पा, सोडा! काच उघडी ठेवतो, कायमची! थंडीत उघडी ठेवतो, पावसात उघडी ठेवतो! सीटवर बॅगसुद्धा ठेवणार नाही यापुढे! हात तेवढा सोडा!"

या आरोळीनं शेजारचे डॉक्टर भिंतीशी आले आणि बायको दारात आली. हेडक्लार्क गाडीसमोर गुडघ्यांवर होते, एक हात दाराच्या पोटात, दुसऱ्या हातात वायर, डोळे मिटलेले. बायकोचं तिकडे लक्षच गेलं नाही. तिनं आवाज ऐकला होता.

"आलीस की काच खाली घे गं," दार आता साध्या, दमलेल्या आवाजात म्हणत होतं. "गुदमरतंय. आणि येताना हळू ये. घाई नाही."

"अप्पा?" बायको म्हणाली. पायरीवर ती मटकन खाली बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते भीतीपेक्षा वेगळं होतं. मोठ्या गर्दीत हरवलेलं लहान मूल ओळखीचा हात दिसल्यावर असं बघतं. डॉक्टरही बोलेनात. धुकं गाडीच्या उघड्या काचेतून आत जात होतं, आणि त्या क्षणी तिघांपैकी एकानंही त्या सीटकडे पाहिलं नाही.

मग माईंच्या खोलीचं दार उघडलं. माई चष्मा कपाळावर चढवून, फोन हलवत बाहेर आल्या.

"बघ गं, हा परत मुका झाला," त्या लेकीला म्हणाल्या. "आवाज किती वाढवला, तरी बोलत नाहीत."

बोट कुठेतरी लागलं असावं. दार वाक्याच्या मध्यातच थांबलं.

बायकोनं आईच्या हातातून फोन घेतला, त्याच्याकडे पाहिलं, गाडीतल्या निळ्या खुणेकडे पाहिलं, आणि तिला उलगडा झाला. अप्पांनीच कधीतरी माईंचा फोन गाडीला जोडून ठेवला होता. गाडीला किल्ली लावली आणि फोन जवळपास असला, की फोनमधला आवाज खोलीत न येता गाडीतून यायचा. माई बाजारात शिरल्या की अप्पा गाडीत बसून त्यांना निरोप पाठवत. हा नुसता निरोप असतो, समोर कोणी ऐकत नसतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते फोनवर बोलल्यासारखे बोलत, उत्तरासाठी थांबत, आणि उत्तर न आल्यावर चिडत. सगळे निरोप माईंनी जपून ठेवले होते. खोलीचं दार लोटून त्या तेच एकामागून एक ऐकत बसायच्या. तो दाराशी खुडबूड करणारा माणूस म्हणजे पार्किंगची पावती फाडणारा, काचेतून हात घालून पावती देऊ पाहणारा.

"मला सांगायचं नाही का, आई?" बायको म्हणाली.

"तू रडली असतीस. मग मी रडले असते. मग ऐकणार कोण?" माई म्हणाल्या. मग त्यांनी हिशेब जुळवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे संध्याकाळी जावईबापू गाडी घेऊन आले की हे गप्प व्हायचे, ते यामुळे होय? मला वाटलं, तुमच्यावर राग आहे त्यांचा."

"माझ्यावर? कशाबद्दल?" हेडक्लार्क जमिनीवरून म्हणाले.

"ते मी नाही विचारत बसले. तुम्हाला तरी कशाला दुखवा?"

"माझा हात अजून आत आहे," हेडक्लार्कांनी सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं.

आता डॉक्टरांना कंठ फुटला. ते भिंत ओलांडून आले, कपाळावरचा दिवा आणि लांब दांडीचा छोटा आरसा घेऊनच आले, आणि पोकळीत डोकावले. "घड्याळ," ते म्हणाले. "घड्याळाचा पट्टा काच आणि लोखंडी पट्टीच्या मध्ये गेलाय. काच तुम्हीच सोडवलीत ना? हे दोन बोल्ट? ती वजनानं खाली आली, बाकी काही नाही." मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "दुखलं तर हात वर करा."

"हातच तर अडकलाय!"

"दुसरा करा."

पट्टा कापून हात बाहेर निघाला. मनगटावर लाल वळ होता, अगदी पाच बोटांनी धरावं तसा, पण याबद्दल कोणी बोललं नाही. डॉक्टरांनी सवयीनं सांगितलं, "दोन तास काही खाऊ नका."

माई मात्र गाडीकडे बघत होत्या. "गाडीतून मोठ्यानं येतो का गं त्यांचा आवाज? समोर बसल्यासारखा?"

"हो आई."

माईंनी फोन परत घेतला. बायको त्यांना शेजारच्या सीटकडे नेऊ लागली, पण त्या वळसा घालून पलीकडे गेल्या, चालकाच्या जागी बसल्या, सीट पुढे ओढली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. वर्षभरात पहिल्यांदा. बायकोनं तोंडावर हात धरला. ती हळूच मागे जाऊन बसली. शेजारच्या सीटवर कोणीच बसलं नाही, बसायचं कोणाला सुचलंही नाही. हेडक्लार्कांना सोललेलं पॅनेल कुठे ठेवावं ते कळेना, तेव्हा ते मांडीवर घेऊन तेही मागे बसले. डॉक्टर बाहेर उघड्या काचेपाशी उभे राहिले.

माईंनी गाडी सुरू केली आणि फोनवर बोट टेकवलं.

"हॅलो," अप्पा म्हणाले. "ऐक. काच परत आपोआप खाली आली बघ. मला काय, हवाच लागते. पण परवा धुळीनं सगळी सीट भरली."

ते थांबले. माई काचेकडे बघून हसल्या. मागे हेडक्लार्कांच्या जिवात जीव आला. म्हणजे बिघाड जुनाच, साधा, यंत्राचा. भुताखेताचा प्रश्नच नाही. आपण तसं कधी मानलंच नव्हतं, असं त्यांना आता वाटू लागलं.

"गॅरेजवाल्याला उद्या बोलावलंय," अप्पा पुढे म्हणाले. "पण घरी बोलू नकोस. पोरीलाही नको. जावयाच्या कानावर गेलं ना, तर येईल आणि स्वतःच उघडून बसेल."

बाहेर डॉक्टर पुढे वाकले. हेडक्लार्क दोन सीटच्या मधून पुढे झेपावले आणि त्यांनी काच वर घ्यायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. जोर लावून दाबलं. काच जिथे होती तिथेच, दाराच्या तळाशी, स्वस्थ पडून राहिली. डॉक्टरांनी डोकं सरळ आत घातलं.

"भला माणूस आहे गं," अप्पा म्हणत होते. "मनानं फार चांगला. आपल्या पोरीला जपतो. पण..."

आणि उत्तरासाठी ते थांबले.

"हो हो, माहितीये मला," माई म्हणाल्या.

"हां," अप्पा समाधानानं म्हणाले. "मग झालं तर."